पिल्लासाठीचे ‘ट्रेनिंग पॅड’ : फरशीच्या घरात ते किती उपयोगाचे?

नवे पिल्लू घरी आल्यावर प्राण्यांच्या सामानाच्या दुकानात गेले की खाणे, पट्टा आणि वाडगा यांच्या जोडीला दुकानदार जी वस्तू हमखास पुढे करतो, ती म्हणजे एकदाच वापरून टाकून द्यायचे ‘ट्रेनिंग पॅड’. पावसाळ्याच्या तोंडावर दत्तक घेतलेल्या, सुमारे दोन महिन्यांच्या गावठी पिल्लासाठी, म्हणजे आमच्या बुंदीसाठी, हे पॅड आणि त्यांच्या बरोबरीने विकले जाणारे इतर साहित्य पुण्यातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात वापरून पाहिले. निरनिराळ्या कंपन्यांची पाकिटे आणली, परंतु त्यांच्यातला फरक इतका थोडा निघाला की नाव घेऊन एकीची शिफारस करण्यात अर्थ नाही. म्हणून हे परीक्षण कंपनीचे नसून वस्तूच्या प्रकाराचे आहे. मत आधीच सांगून टाकते. पॅड ही वाईट वस्तू नाही, पण गालिचे अंथरलेल्या आणि न्हाणीघराच्या जमिनीला जाळी नसलेल्या घरांत तिची जितकी गरज भासते, तितकी ती आपल्या फरशीच्या घरात भासत नाही. आपल्याकडे तिचा खरा उपयोग लसीकरण पूर्ण होईपर्यंतच्या आठवड्यांपुरता आहे, आणि त्यानंतरही ती सुरू ठेवली तर शिकवण्याच्या कामात तीच अडथळा होऊन बसते.

पॅडची रचना लहान मुलांच्या डायपरसारखी असते. वर न विणलेल्या कापडाचा मऊ थर, मध्ये कागदाच्या लगद्यात मिसळलेली, पाणी शोषून जेलीसारखी फुगणारी भुकटी, आणि तळाशी पातळ प्लॅस्टिक. लघवी शोषण्याचे काम ती चोख करते. लहान पिल्लाची शू काही क्षणांत आत जाते, पृष्ठभाग जवळपास कोरडा होतो आणि पिल्लाचे पाय घरभर उमटत नाहीत. पातळ शी झाली तर मात्र पॅडचा काही उपयोग होत नाही, आणि जंतांचे औषध दिल्यानंतरच्या दिवसांत किंवा खाणे बदलल्यावर पिल्लाला पातळ शी होतेच. आकाराच्या बाबतीत काटकसर करू नये. ४५ × ६० सेंटिमीटरचे पॅड स्वस्त पडतात, पण शी करण्यापूर्वी पिल्लू वास घेत गोल गोल फिरते, आणि पुढचे पाय पॅडवर व मागचे फरशीवर अशा अवस्थेत आपला कार्यभाग उरकते. त्याच्या दृष्टीने ते पॅडवरच उभे असते, त्यामुळे त्याला दोष देता येत नाही. ६० × ९० सेंटिमीटरचा पॅड घेतल्यास हा प्रश्न बराचसा सुटतो.

पाकिटावर ठळकपणे छापलेल्या ‘आकर्षित करणाऱ्या गंधा’विषयी मला फारसे चांगले लिहिता येणार नाही. बुंदीने तो गंध असलेल्या पॅडचा प्रथम वास घेतला, मग कोपरा दातांत धरला आणि तो घेऊन ती दिवाणाखाली गेली. ज्याचा खरोखर परिणाम होतो तो गंध म्हणजे पिल्लाच्या स्वतःच्या आधीच्या लघवीचा. जुन्या पॅडचा एक छोटा ओला तुकडा कापून नव्या पॅडखाली ठेवला की पिल्लाला जागेची खूण पटते, आणि त्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत. पॅड फाडण्याची सवय मात्र गांभीर्याने घ्यावी. आतली भुकटी अगदी थोडी पोटात गेल्यास ती सहसा विषारी ठरत नाही, परंतु भुकटी फुगते आणि तळाचे प्लॅस्टिक आतड्यात अडकू शकते. पॅडच्या चारही कडा घट्ट धरणारी प्लॅस्टिकची चौकट किंवा वर जाळी असलेला ट्रे वेगळा विकत मिळतो. दात शिवशिवणाऱ्या पिल्लासाठी तो पॅडबरोबरच घ्यावा, कारण नुसता पॅड जमिनीवर अंथरून आपण दुसऱ्या खोलीत जाणे सुरक्षित नाही.

हे सगळे खरे असले, तरी पहिल्या काही आठवड्यांत पॅडशिवाय पर्याय नव्हता, आणि त्याचे कारण लसीकरणाच्या वेळापत्रकात आहे. पिल्लाला आईच्या दुधातून मिळालेली प्रतिपिंडे लसीच्या कामात अडथळा आणतात आणि ती नेमकी केव्हा ओसरतील हे प्रत्येक पिल्लात वेगळे असते. म्हणून सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू केलेली लस दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा द्यावी लागते आणि शेवटचा डोस १६ आठवड्यांच्या वयात किंवा त्यानंतर पडावा लागतो. तोवर पिल्लाला रस्त्यावर सोडण्यात मोठा धोका असतो. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून बाहेर पडतो आणि मातीत कित्येक महिने जिवंत राहू शकतो. त्यात पावसाळा असेल तर उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या डबक्यांतून लेप्टोस्पायरोसिसची भर पडते. पशुवैद्यांनी आम्हाला सांगितले ते असे, की पिल्लाला कडेवर घेऊन जरूर फिरवा, माणसे, रिक्षा, पाऊस, कुकरच्या शिट्ट्या हे सगळे त्याला दाखवा, पण दुसरी कुत्री जिथे जातात त्या जमिनीवर त्याचे पाय टेकवू नका. तेव्हा त्याने शी-शू करायची ती घरातच. प्रश्न उरतो तो घरात कुठे, एवढाच.

पाकिटावरच्या सूचना इथे पिल्लाच्या पालकाला एकटे सोडतात. पॅड उलगडा, कोपऱ्यात ठेवा, पिल्लाला दाखवा, या तीन चित्रांपलीकडे त्यांत काही नसते. वास्तविक पॅड पिल्लाला काहीही शिकवत नाही; शिकवते ते घड्याळ. लहान पिल्लाला मूत्राशयावर ताबा नसतो. त्याचे वय जितके महिने, साधारण तितके तास, फार तर एखादा तास अधिक, ते धरून ठेवू शकते, असा एक ढोबळ हिशेब सांगितला जातो. पण तो स्वस्थ पडलेल्या पिल्लाचा हिशेब आहे, खेळणाऱ्या पिल्लाचा नव्हे. झोपेतून उठल्याबरोबर, पाणी प्यायल्यावर, खेळ रंगात आलेला असताना मध्येच, आणि खाणे झाल्यावर पाच मिनिटांपासून अर्ध्या तासाच्या आत कधीही, अशा ठरलेल्या वेळांना त्याला उचलून जागेवर नेऊन ठेवावे लागते, काम होईपर्यंत गप्प उभे राहावे लागते आणि झाल्याक्षणी, तिथल्या तिथे, खाऊचा तुकडा द्यावा लागतो. स्वयंपाकघरात जाऊन डबा उघडून खाऊ आणेपर्यंत पिल्लू आपल्या मागोमाग आलेले असते, आणि मग त्या खाऊचा अर्थ ‘शू केली म्हणून’ असा न लागता ‘ओट्यापाशी आले म्हणून’ असा लागतो. खिशात चार फुटाणे किंवा उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे ठेवणे हा कोणत्याही पाकिटावर न छापलेला, पण सर्वांत फलदायी उपाय आहे. रात्री एकदा गजर लावून उठणेही सुरुवातीला टळत नाही.

नको तिथे झालेल्या शूवरून ओरडणे, त्यात पिल्लाचे नाक घासणे, वर्तमानपत्राच्या सुरळीने मारणे हे प्रकार आपल्याकडे अजूनही मोठ्या आत्मविश्वासाने सुचवले जातात. पिल्लाला त्यातून जागेचा बोध होत नाही. माणसासमोर शू करणे धोक्याचे आहे एवढाच धडा ते घेते, आणि मग सोफ्यामागे, पलंगाखाली, पडद्याआड जाऊन काम उरकू लागते. अशा पिल्लाला पुढे पट्टा बांधून बाहेर नेले, तरी आपण दोरीच्या दुसऱ्या टोकाला उभे असेपर्यंत ते काही करत नाही.

आता पॅडविषयीच्या माझ्या मुख्य आक्षेपाकडे वळते. जन्मल्यानंतर साधारण तीन आठवडे पिल्लाची शी-शू आईच्या चाटण्याने होते; त्यानंतर ते झोपण्याची जागा सोडून दूर जाऊ लागते, आणि आठ-नऊ आठवड्यांचे होईपर्यंत त्याच्या पायांना एका विशिष्ट पृष्ठभागाची सवय लागलेली असते. मातीत वाढलेले पिल्लू माती शोधते, गोणपाटावर वाढलेले गोणपाट. पॅडचा पृष्ठभाग मऊ आणि कापडी आहे. गालिच्याच्या घरातही त्यामुळे घोटाळा होत असेल, पण आपल्या घरात तो अधिक नेमकेपणाने होतो, कारण सगळीकडे शहाबादी किंवा व्हिट्रिफाइड फरशी असताना पिल्लाच्या पायांना पॅडसारखे लागणारे पदार्थ मोजकेच असतात : दारातले पायपुसणे, देवासमोरचे आसन, जेवणाच्या वेळी अंथरलेली सतरंजी आणि खाली टाकलेली गादी. बुंदीने पॅडची सवय लावून घेतली, आणि पॅड दिसला नाही की ती तितक्याच प्रामाणिकपणे पायपुसण्यावर जाऊ लागली. आजीचे आसन तिच्या तावडीतून सुटले ते केवळ देवघराला दार असल्यामुळे. घरातली सगळी पायपुसणी गुंडाळून माळ्यावर टाकणे हा त्यावरचा उपाय आहे आणि तो करावाच. परंतु सवय लावण्यासाठी घेतलेल्या वस्तूसाठी घरातल्या इतर वस्तू हटवाव्या लागतात, हे परीक्षणात नोंदवायला हवे.

याच्या तुलनेत आपल्या घरांत आधीपासून असलेली सोय, म्हणजे मोरी किंवा न्हाणीघर, अनेक बाबतींत सरस आहे. तिथे उतार आहे, जाळी आहे, नळ आहे, आणि एक तांब्या पाणी ओतले की जागा स्वच्छ होते. जुन्या वाड्यांत आणि चाळींत कुत्री पाळणाऱ्यांनी पिल्लांना मोरीची सवय लावली, ती याच कारणाने. आम्ही पॅड न्हाणीघराच्या दारापासून हळूहळू आत सरकवत नेला, मग त्याचा आकार निम्मा केला, पुढे पाव केला आणि शेवटी काढून टाकला. तोवर जागेची ओळख पटलेली असल्यामुळे बुंदी जाळीपाशी जाऊ लागली. या पद्धतीच्या अडचणीही सांगितल्या पाहिजेत. न्हाणीघराचे दार दिवसभर उघडे ठेवावे लागते, ओल्या फरशीवर पिल्लू घसरते, बादलीतले साबणाचे पाणी पिण्याचा मोह त्याला आवरत नाही, आणि संडास धुण्याचे अ‍ॅसिड व ब्रश उंच ठेवावे लागतात. घरात वयस्कर माणसे असतील तर ओलाव्याचा प्रश्न अधिक गंभीर होतो, आणि तिथे मी पॅडच्याच बाजूने मत देईन. बाल्कनीचा पर्याय बऱ्याच घरांत निवडला जातो, पण धुतलेले पाणी खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडले की पिल्लाचा प्रश्न सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत जातो.

कृत्रिम हिरवळीच्या ट्रेविषयी थोडक्यात. खाली ट्रे, मध्ये जाळी आणि वर प्लॅस्टिकची हिरवळ अशी ती तीन मजली वस्तू असते, आणि पायांना गवताची ओळख व्हावी ही तिच्यामागची कल्पना योग्य आहे. प्रत्यक्षात हिरवळीच्या मुळाशी लघवी साचते, रोज धुतले नाही तर दुसऱ्या दिवशी वास येतो, आणि पुण्याच्या श्रावणात ती धुतल्यावर वाळत नाही. कोरड्या हवेत आणि गच्ची असलेल्या घरात तिचा उपयोग होईल. बंद फ्लॅटमध्ये मी पुन्हा घेणार नाही.

ज्या वस्तूसाठी मी न कुरकुरता पैसे देईन ती म्हणजे एन्झाइमयुक्त सफाईचे द्रावण. आपल्या घरांत शू पुसायची म्हणजे फिनेलचा पोछा, ही सवय इतकी मुरलेली आहे की दुसरा काही विचार मनात येत नाही. फिनेलचा उग्र वास लघवीच्या वासावर आपल्या नाकापुरता पडदा टाकतो. कुत्र्याचे नाक त्या पडद्यामागचे सहज ओळखते, आणि जिथे एकदा वास राहिला तिथे ते पुन्हा जाते. शिवाय काळ्या फिनेलमधली फिनॉलच्या जातीची रसायने पिल्लाच्या पंजांना लागून चाटण्यातून पोटात जाणे चांगले नाही. अमोनिया असलेले क्लीनर तर टाळावेतच, कारण लघवीतल्या युरियापासूनही अमोनियाच तयार होतो आणि पिल्लाला त्या वासातून आमंत्रण मिळते. एन्झाइमचे द्रावण वास झाकत नाही. वास निर्माण करणाऱ्या पदार्थांचेच ते विघटन करते.

ते वापरण्याची पद्धत मात्र फिनेलपेक्षा वेगळी आहे, आणि ‘काही फरक पडला नाही’ अशी तक्रार ज्यांच्याकडून ऐकू येते, त्यांची पद्धत बहुधा फिनेलचीच असते. आधी शू जुन्या कापडाने किंवा रद्दीच्या कागदाने टिपून घ्यावी, मग द्रावण सढळपणे फवारावे आणि दहा-पंधरा मिनिटे ती जागा ओलीच राहू द्यावी, कारण एन्झाइमला काम करायला वेळ आणि ओलावा दोन्ही लागतात. फवारून लगेच पुसले तर पैसे पाण्यात. त्यावर फिनेल किंवा ब्लीच टाकल्यास एन्झाइम निकामी होतात. आणि ब्लीच थेट लघवीवर ओतल्यास घशाला झोंबणारा वायू तयार होतो, हा आणखी एक धोका. गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइलवर एकदा फवारणे पुरते, पण टाइलांमधल्या सांध्यांत आणि शहाबादी किंवा कोटा फरशीच्या सच्छिद्र पृष्ठभागात लघवी मुरते, तिथे दुसऱ्या दिवशी पुन्हा फवारावे लागते. घरकामाला येणाऱ्या मावशींना हे समजावून सांगणे हा या द्रावणाच्या वापरातला सर्वांत कठीण भाग आहे. फिनेलचा वास आला नाही तर लादी पुसलीच नाही असे त्यांना, आणि खरे तर घरातल्या सगळ्यांनाच, वाटत राहते. शेवटी पिल्लाच्या खोलीपुरते फिनेल बंद, अशी तडजोड झाली.

पिंजऱ्याविषयी, म्हणजे तारेच्या घडीच्या क्रेटविषयी, आपल्याकडे भावनिक विरोध होतो आणि तो मला समजू शकतो. दार लावून पिल्लाला दिवसभर कोंडणे हे गैरच आहे. तथापि झोपायची जागा घाण न करण्याची पिल्लाची उपजत प्रवृत्ती या साधनामुळे कामी येते, आणि रात्रीपुरता त्याचा उपयोग चांगला होतो, एवढे मान्य केले पाहिजे. उभे राहता येईल, वळता येईल आणि पाय ताणून झोपता येईल, यापेक्षा तो मोठा असू नये. मोठा घेतल्यास पिल्लू एका टोकाला झोपते आणि दुसऱ्या टोकाला शू करते. वाढत्या वयाचा विचार करून मोठा घ्यायचाच असेल, तर मध्ये सरकवायची जाळी असलेला पाहून घ्यावा. वर सुती चादर टाकून पंख्याखाली ठेवला तर पिल्लू आपणहून आत जाऊन झोपू लागते.

खर्चाचा हिशेब असा पडतो. मोठ्या आकाराचा एक पॅड साधारण पंचवीस-तीस रुपयांना येतो आणि दोन-अडीच महिन्यांच्या पिल्लाला दिवसाला तीन-चार सहज लागतात, म्हणजे महिन्याला तीन हजारांच्या आसपास रक्कम कचऱ्यात जाते. धुऊन पुन्हा वापरता येणारे कापडी पॅड त्यामानाने स्वस्त पडतात, पण पावसाळ्यात वाळत नाहीत आणि नीट धुतले नाहीत तर वास धरतात. रद्दीचा जाड थर हा जुना उपाय शोषणाच्या बाबतीत पॅडच्या जवळपासही येत नाही. मात्र पायांना कागद कापडासारखा लागत नसल्यामुळे त्यातून पायपुसण्याचा घोटाळा होत नाही. दिवसा रद्दी आणि रात्री पॅड अशी वाटणी केल्यास खर्च निम्म्याने कमी होतो. विल्हेवाटीचा विचारही खरेदीच्या वेळीच करावा. वापरलेला पॅड ओल्या कचऱ्यात जात नाही आणि सुक्या कचऱ्यात तो टाकला तर कचरा वेचणाऱ्या बाईंना तो हाताने वेगळा करावा लागतो. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने सॅनिटरी नॅपकिन आणि डायपर कागदात गुंडाळून, वर लाल ठिपका काढून वेगळे द्यावेत, असा आग्रह धरलेला आहे. पॅडही त्याच पद्धतीने, शी आधी संडासात टाकून, द्यावेत.

लसीकरण संपल्यावर पॅड बाहेर हलवण्यात दिरंगाई करू नये, असे मी आवर्जून सांगेन. घरातली सोय जितकी लांबते तितके पिल्लू बाहेर फिरून येते, सगळ्या झाडांचा वास घेते, आणि घरी परतल्यावर दार उघडताच पॅडकडे धाव घेते. पहिल्या काही फेऱ्यांना वापरलेल्या पॅडचा तुकडा बरोबर नेऊन आवाराबाहेरच्या एका ठरावीक झाडापाशी ठेवला, सकाळी उठल्याबरोबर थेट तिथेच नेले, आणि काम झाल्यावर लगेच घरी न परतता थोडे फिरवले, तर संक्रमण सोपे होते. काम झाले की फेरी संपते, असे पिल्लाच्या लक्षात आले तर ते मुद्दाम धरून ठेवू लागते. शी उचलण्यासाठी कागद आणि पिशवी बरोबर असावी, हे वेगळे सांगायला नको, तरी सांगते. तुकडाही परत आणावा.

दोन गोष्टींत दोष पॅडचा नसतो आणि शिकवण्याचाही नसतो. नीट सवय लागलेले पिल्लू एकाएकी थोडी थोडी, वारंवार शू करू लागले तर मूत्रमार्गाचा संसर्ग असण्याची शक्यता असते, आणि तेव्हा दुकानात न जाता पशुवैद्यांकडे जावे. पाहुणे आल्यावर किंवा कोणी अंगावर वाकल्यावर पिल्लू पोट वर करून शू करत असेल, तर ती भीतीची किंवा आनंदाची शू असते. पाहुण्यांना खाली बसून, पिल्लाकडे न पाहता बोलायला सांगितले की ती कमी होते. नर पिल्लू सहा महिन्यांनंतर पाय वर करू लागले की जमिनीवरचा सपाट पॅड निरुपयोगी ठरतो, कारण धार भिंतीवर जाते. नर पिल्लाच्या पालकांनी म्हणूनच पॅडचा मोठा साठा करू नये.

एक लहान पाकीट आधी घ्यावे, पिल्लू फाडते का ते पाहावे, आणि मगच मोठे मागवावे. उरलेले पॅड वाया जात नाहीत. गाडीने लांबच्या प्रवासाला निघताना ते मागच्या सीटवर अंथरता येतात, आणि नसबंदीच्या शस्त्रक्रियेनंतर गुंगीतल्या बुंदीच्या अंगाखाली घालायला आमच्याकडे शेवटचे तीन शिल्लक होते, ते तिथे अगदी चोख कामी आले.